भावाच्या मानाची हुग्गी

मानवत
१८ मार्च २०२४

चि. शिवप्रकाश यास भागम्माचा आशीर्वाद.

फोनवर तू "बरंय अक्का, बरंय" म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून पत्र लिहायलेय. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका निघतील, त्या काढत बसू नको. तू पेपरवाला हायस, माझा मास्तर न्हाईस.

खबर अशी की दिल्लीच्या पत्रकारांनी तुला बक्षीस दिलं, ते इथल्या पेपरात आलं. सोन्याच्या भावाच्या खाली, बोटभर जागेत. "सीमेवरील धाडसी वार्तांकनासाठी मानवतच्या सुपुत्राचा गौरव." तेवढ्यावर आपले बसवेश्वर अप्पा पेटलेत. ते आता समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष हायेत. जन्मभर कापसाची आडत चालवली, दारात आलेल्याला बस म्हणले न्हाईत, आणि परवा स्वतःहून माझ्या गिरणीवर आले. पार्वतीबाईच्या दळणाच्या डब्यावर बसले. म्हणले, "भागम्मा, तुझा भाऊ तिकडं दुश्मनाच्या गोळ्यांत उभं राहून बातम्या देतो, आणि आमाला पत्ताच न्हाई!" पार्वतीबाई म्हणली, "अप्पा, डबा पत्र्याचा हाय, जरा बेतानं." पण अप्पाला आता काही ऐकू येत न्हाई.

बसवजयंतीला, दहा मेला, तुझा सत्कार ठरला. शाल, फेटा, मिरवणूक. बसस्टँडसमोर बॅनर लागलं बी. माझ्या ईश्वरीच्या बारशातला तुझा फोटो कापून घेतलाय. मागं रणगाडा, वर उडतं इमान, खाली "मानवतचा वाघ". अव्वा ऑटोनं जाऊन बघून आली. तिला धड दिसत न्हाई तरी म्हणली, "पोरगं लय बारीक झालंय गं." फोटो वीस वर्सांमागचा हाय हे तिला कोण सांगणार.

रिवाज तुला ठाऊक हाय. ज्याचा सत्कार, त्याच्या घरची हुग्गी, गव्हा-गुळाची खीर. जो येऊन खातो त्यानं मान मानला. जो उठून जातो त्यानं न्हाई मानला. गूळ सांगून ठेवलाय. गहू भिजवून कांडायला घेते. तू दोन दिवस आधी ये. कारण सांगू नको.

तुझी अक्का
भागम्मा

---

सीमेजवळून
२९ मार्च २०२४

प्रिय अक्का,
सा. न.

तुझं पत्र चहावाल्या काकांच्या पत्त्यावर मिळालं. पुढेही तिथेच पाठव. फोनवर मी कमी बोलतो त्याला कारण आहे. माझा जुना फोन चौकशीसाठी घेऊन गेलेत आणि नव्यावर कोण कोण ऐकतं ते मला माहीत नाही. काळजीचं काही नाही.

अप्पांना माझा नमस्कार सांग आणि तो रणगाडा काढायला सांग. मी रणगाडा पाहिलेला नाही. मी ज्यांच्याबद्दल लिहितो ते साधे लोक आहेत, शेती करतात, मासे धरतात. सत्कार नको असं मी म्हटलं तर तुला राग येईल, म्हणून एवढंच म्हणतो की मला येता येणार नाही. मे महिन्यात इथून हलता येत नाही. एका बाईची जबाबदारी माझ्यावर आहे. तिला आणि तिच्या मुलांना सोडून मी गावी फेटा बांधून मिरवणं बरं नव्हे.

अव्वाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परभणीला कधी ठरलंय? दाजींना नमस्कार.

तुझा शिवा

---

मानवत
८ एप्रिल २०२४

चि. शिवप्रकाश,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग दार लावून ईश्वरीकडून वाचून घेतलं, की मीच चुकीचं वाचलं की काय.

कोण बाई? लेकरं किती? तुझी हायेत का तिची? अडतीस वर्सांचा घोडा झालास, आमी स्थळं आणून आणून थकलो, पिंगळीच्या महेश्वरीला तू नको म्हणलास, आणि आता असं अर्ध्या ओळीत कळवतोस? आपल्यातली हाय का, ते बी लिहिलं न्हाई. नसली तरी काय करू, पण सांगशील तर. अव्वाला मी अजून काही बोलले न्हाई. तुझ्या दाजीला बोलले. ते म्हणले, "चांगलं हाय की, तयार लेकरं मिळाली." त्या माणसाला कोणत्या वखताला काय बोलावं ते कवाच कळलं न्हाई.

अप्पाला रणगाड्याचं सांगितलं. ते सगळ्या आडतीला सांगत सुटले की बघा, केवढा विनय, स्वतःचं शौर्य सांगत न्हाई पोरगा. आता बॅनरवर जहाज बी घालायलेत. समुद्र कुठं हाय तिथं, म्हणलं, तर म्हणले, "सीमा ती सीमा."

गहू भिजले, कांडून झाले. उन्हात वाळवून पोत्यात भरलेत. घरात कोंडाच कोंडा. गिरणी सांभाळायची, अव्वाला सांभाळायचं, तुझा मान सांभाळायचा, आणि तू तिकडं बाई सांभाळायलास. मला लय कट्टाळा आलाय शिवा. एकदाचं खरं काय ते लिही.

अक्का

---

सीमेजवळून
१७ एप्रिल २०२४

प्रिय अक्का,

तुझं पत्र वाचून खूप दिवसांनी हसलो. चहावाले काका घाबरले. नाही गं, तसं काही नाही. चूक माझी. तुझ्यापासून लपवायचं म्हणून अर्धंच लिहिलं. आता पूर्ण लिहितो. अव्वाला वाचून दाखवू नकोस.

इथे सीमेवर तारेचं कुंपण आहे. पण कित्येकांची वावरं कुंपणाच्या पलीकडे, तरीही आपल्याच देशात. आपली गिरणी अलीकडे आणि वावर फाटकापलीकडे असं समज. फाटक सकाळी उघडतं. पहारेवाले ओळखपत्र ठेवून घेतात आणि माणूस शेतात जातो. संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आत परत यायचं. थंडीतली गोष्ट. एक माणूस चाऱ्याचा भारा घेऊन उशिरा आला. धुकं होतं. फाटक बंद झालेलं. त्याने हाका मारल्या. पहारेवाल्यांनी त्याला गोळी घातली. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तस्कर होता, पळत होता. त्याची बायको अलीकडच्या बाजूला कंदील घेऊन वाट पाहत उभी होती. तिने पाहिलं. तो पळत नव्हता, डोक्यावर भारा होता. भारा घेऊन कोण पळतं?

ती बाई म्हणजे हीच. तिने मला सगळं सांगितलं, फक्त नाव लिहू नको म्हणाली. तिचा थोरला मुलगा आता त्याच फाटकातून रोज शेतात जातो. त्याच पहारेवाल्यांना ओळखपत्र देतो. मी नाव लिहिलं नाही. बक्षीस त्याच बातमीला मिळालं. आणि माझ्यावर तक्रारही त्याच बातमीमुळे झाली, की खोटं लिहून लोकांना भडकावलं. पोलीस मला विचारतात, बाई खरी असेल तर नाव सांग, नाहीतर बातमी मागे घे. सहा मेला कोर्टात जायचं आहे.

म्हणून येता येत नाही. वाघ वगैरे मी नाही अक्का. त्या दिवशी बातमी पाठवायच्या आधी मी ती दोनदा पुसून टाकली होती.

शिवा

---

मानवत
२६ एप्रिल २०२४

शिवप्रकाश,

आज मतदान होतं. रांगेत उभी होते तर पुढची बाई मागं वळून माझ्याकडं बघायली. तवाच समजले की खबर माझ्या आधी पोचली.

झालं असं. अप्पाला तुझं मानपत्र छापायचं होतं, म्हणून त्यांनी जावयाला तुझी बातमी मोबाईलवर शोधायला लावली. जावयानं मराठीत करून वाचली. त्यात दुश्मनाचं नावच न्हाई. गोळी घातली ती आपल्याच पहारेवाल्यांनी! अप्पा आडतीवरून तडक गिरणीवर. आता डब्यावर बसले न्हाईत, उभेच. "भागम्मा, तुझा भाऊ फौजेच्या इरोधात लिहितो?" म्हणलं, "फौजेच्या न्हाई अप्पा, एका गोळीच्या." तुझं पत्र डोक्यात होतं म्हणून तोंडातून गेलं. मला काय कळतं त्यातलं.

त्याच दिवशी बॅनर उतरवलं. उतरवलं म्हणजे तुझं तोंड कापून काढलं आणि रणगाडा ठेवला. आता दहा तारखेला तुझ्या जागी गावातल्या आणि आसपासच्या माजी फौजींचा सत्कार हाय, रांगेनं. लोकांचं म्हणणं एकच. बाईचं नाव न्हाई म्हणजे बाईच न्हाई. पैसे खाऊन लिहिलं.

अप्पा आतून वाईट माणूस न्हाईत. काल परत आले, जरा हळू बोलले. म्हणले, मंडपात सगळ्यांसमोर दोन शब्द बोल. माझा भाऊ चुकला, त्याला माफ करा, म्हण. म्हणजे इषय मिटला. हुग्गी बी मंडपातच वाढू.

शिवा, मी तुझ्यावर चिडलेय. दळणं कमी झालीत. सरजाबाई माझ्या दारावरून डबा घेऊन पलीकडच्या गिरणीवर जाते, आणि जाताना पदर तोंडावर धरते जसा काही माझ्याकडं वास मारतो. आमाला इथंच राहायचंय. तू लिहून मोकळा होतोस. मेलेल्याचं वाईट वाटतं, मला बी वाटलं. पण ती बाई तुझी कोण? सांगून टाक नाव. ती बघून घेईल तिचं. तिच्यापायी तू जेलात जाणार आणि अव्वा इथं डोळ्याला पट्टी बांधून मरणार, हा कुठला न्याय?

नाव सांग, न्हाईतर बातमी वापस घे. दोन्हीतलं एक कर. बिगीनं कळव.

भागम्मा

---

सीमेजवळून
२ मे २०२४

प्रिय अक्का,

थोडक्यात लिहितो, वकिलाकडे जायचं आहे.

नाव सांगणार नाही. बातमीही मागे घेणार नाही. तुला हे आवडणार नाही, पण तिसरं मला सुचत नाही.

मंडपात तू "भाऊ चुकला" म्हणालीस तर मी रागावणार नाही. खरंच सांगतो. गिरणी तुझी आहे, अव्वा तुझ्याकडे आहे, मी दूर बसून तुला शूर व्हायला सांगणारा कोण? फक्त एक लक्षात ठेव. मंडपातलं तुझं बोलणं कुणीतरी मोबाईलवर धरील, आणि ते इथवर येईल. माझे विरोधक कोर्टात म्हणतील, याची सख्खी बहीणच याला खोटा म्हणते. तेव्हा बोलशील ते हे ठाऊक असताना बोल. म्हणायचं तर म्हण. मला चालेल.

ती बाई परवा भेटली. मी म्हटलं, माझी बहीण दळणाची गिरणी चालवते. ती म्हणाली, "चांगलं आहे, तिच्या गिरणीला फाटक नसेल."

थकलोय गं. अव्वाला सांग, जेवतो.

शिवा

---

मानवत
१२ मे २०२४

चि. शिवप्रकाश यास आशीर्वाद.

तुझं पत्र आठ तारखेला मिळालं. सहापासून फोन बंद लागायलाय. कोर्टात काय झालं ते कोण सांगंना. तरी पत्र चहावाल्याच्या पत्त्यावर टाकायलेय. कुणी तरी पोचवील.

दहा तारखेचं सांगते.

तुझे दाजी सकाळपासून म्हणत होते, जाऊच नको. म्हणलं, न गेलं तर लोक म्हणतील तोंड लपवलं. अव्वाला घेऊन गेले. ऊन असं की मंडपातलं कापड सुद्धा तापलेलं. स्टेजवर फौजींची रांग, गळ्यात हार, घामानं चिंब. बिचारे. अप्पानं माईकवरून पुकारलं, "भागम्माबाईला दोन शब्द बोलायचेत."

खरं सांगू का, "चुकला" म्हणायचं ठरवूनच उठले होते. रातभर तेच घोकलं होतं. माईक हातात आला, आणि समोर बघते तर सरजाबाई पुढच्या रांगेत मोबाईल वर धरून उभी राहायली. तुझं पत्र आठवलं. सरजाबाईला मोबाईल धरता येतो हेच मला ठाऊक नव्हतं.

म्हणलं, "मला भाषण येत न्हाई. माझा भाऊ म्हणतो बाईनं बघितलं. मी बघितलं न्हाई. तुमी बी न्हाई. तुमच्यातला कोणी तिथं होता का? माझे गहू कांडून झालेत, ते काही परत भुशात जात न्हाईत. हुग्गी इथं मंडपात वाढणार न्हाई, गिरणीवर वाढणार. माझ्या भावाच्या मानाची हाय. ज्याला तो खोटा वाटतो त्यानं येऊ नये. ज्याला खरा वाटतो त्यानं यावं. आणि ज्याला कळत न्हाई त्यानं बी यावं, कारण मला बी कळत न्हाई."

अप्पानं माईक काढून घेतला. कोणी तरी मागून ओरडलं, "बाईला पाणी द्या!" हसले लोक. अव्वा म्हणली, "काय बोललीस गं? टाळ्या न्हाई आल्या." म्हणलं, "चल घरी."

आता खरी गोष्ट. तुला वाटंल सगळा गाव लोटला. न्हाई लोटला. मोठं पातेलं चढवलेलं, गूळ, सुंठ, खोबरं, काही कमी केलं न्हाई. दुपार झाली तरी रस्ता मोकळा. पार्वतीबाई आली, सुनेला घेऊन. मोंढ्यातला धम्मानंद आला, चार हमाल घेऊन. म्हणला, "मावशी, आमी तुमच्या समाजातले न्हाई, चालतं का?" म्हणलं, "बस खाली, सवाल नको." ते पोटभर जेवले, तुझं नाव इचारलं, आणि गेले. आपल्यातलं म्हणावं तर एक आदिनाथ मास्तर, तो बी उभ्या उभ्या दोन घास खाऊन, इकडं तिकडं बघत. अर्ध्याहून जास्ती हुग्गी उरली. उन्हानं आंबायला लागली. सांजच्याला गाईम्हशींना घातली. तुझा मान जनावरांनी खाल्ला, असं म्हण. मला रडू बी आलं न्हाई, एवढी थकले होते.

पातेलं घासायला घेतलं, तवा एक माणूस आला. दुपारी स्टेजवर हार घालून बसलेल्यातला. हार काढून आलता. म्हणला, "हुग्गी हाय का?" म्हणलं, "संपली. खरवड हाय, करपलेली." म्हणला, "चालंल." गिरणीच्या आतल्या बाजूला, पट्ट्यामागं, रस्त्यावरून दिसणार न्हाई असा बसला. खाल्ली. मग खाली बघतच बोलला. म्हणला, "मी अशाच फाटकावर होतो. फाटक बंद व्हायच्या वखताला असं होतं. शेतातला माणूस घड्याळ बघून येत न्हाई. आमच्या वेळेला बी एक झालं होतं. तुमच्या भावानं खोटं लिहिलं न्हाई."

शिवा, माझं डोकंच फिरलं. म्हणलं, "बाबा, दुपारी माईक होता, माणसं होती, तवा जीभ कुठं गेलती? आता मला कामून सांगायलास? मी काय कोर्ट हाय?" तो म्हणला, "पेन्शन हाय बाई. पोराची नोकरी हाय." म्हणलं, "मग खरवड कामून खाल्लीस?" त्यानं ताट स्वतः इसळलं, उपडं घातलं, गेला.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले. त्यांना कळलं होतं, कोणी तरी फौजी माझ्याकडं आलता म्हणून. "कोण होता?" म्हणले. म्हणलं, "होता एक." "काय म्हणला?" म्हणलं, "माझा भाऊ खरं लिहितो, म्हणला." अप्पा म्हणले, "नाव सांग. नाव न्हाई तर मी कसं मानू?" मी चाळण झाडायला घेतली. तुझे दाजी आतून म्हणले, "अगं सांग की, इषय मिटंल." न्हाई सांगितलं. दाजीला बी न्हाई सांगितलं. त्याचं पोरगं कुठं कामाला हाय ते मला ठाऊक हाय. एकदा माझ्या तोंडातून नाव गेलं की गाव त्याला धू धू धुणार. भला माणूस हाय असं बी न्हाई माझं म्हणणं. भित्रा हाय. पण त्यानं मला सांगितलं, अप्पाला न्हाई. अप्पा म्हणले, "मग आलंच न्हाई कोणी. तू बी भावासारखीच." आणि पायातलं न घालताच निघाले. रस्त्यावरून परत आले, चपला घातल्या, मग गेले.

तुला बी ते नाव कळवणार न्हाई. उगं इचारू नको.

आणि त्या बाईचं नाव मी मागच्या पत्रात मागितलं होतं. नको मला. तिला म्हणावं, मानवतला बी फाटकं हायेत, फक्त तार दिसत न्हाई.

दळणं अजून कमीच हायेत. सरजाबाईनं काढलेलं गावभर फिरायलंय, तुझ्याकडं बी पोचंल. पोचू दे. अव्वाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात परभणीला. तिला सांगितलंय तू जेवतोस.

सहा तारखेला काय झालं ते कळव. आत टाकलं असंल तर तिथला पत्ता धाड. जेलात पत्र टाकलं तरी तिकीट तेवढंच लागतं.

तुझी अक्का
भागम्मा